उद्याची किंमत : प्रा. आयर्व्हिंग फिशर यांचे जीवन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला फिशर हे नाव नवे नाही. पैशाच्या संख्यासिद्धांताचे प्रकरण आले की सर फळ्यावर एम.व्ही. बरोबर पी.टी. हे समीकरण लिहितात, आम्ही ते वहीत उतरवून घेतो, परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून येतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत विसरून जातो. मीही त्यांतलाच. फिशर म्हणजे समीकरणाच्या डोक्यावर छापलेले एक नाव, एवढीच माझी समजूत होती. पुढे व्याजाच्या प्रकरणात तेच नाव पुन्हा भेटले, तेव्हा कुतूहल वाटले आणि त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. हाती आले ते एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. माणसाला आजचे सुख उद्याच्या सुखापेक्षा जवळचे का वाटते, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर हिशेब मांडला, त्यांचा स्वतःचा हिशेब कसा चुकला, त्याची ही कहाणी आहे. आणि त्यांना स्वतःला कल्पनाही नसेल अशा रीतीने, तीत आपल्याकडच्या कर्जबाजारी शेतकऱ्याचीही कहाणी गुंतलेली आहे.

हा विषय मला जवळचा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या वर्गातला एक मित्र मध्येच कॉलेज सोडून अडत दुकानात हिशेब लिहायला लागला. अभ्यासात तो आमच्यापेक्षा सरस. आम्ही सगळ्यांनी एकमताने निकाल दिला, की याला दम नाही; दोन वर्षे थांबला असता तर याच्या दुप्पट पगाराची नोकरी मिळाली असती. हा निकाल बरोबर होता की नाही, हे फिशर वाचताना मला पुन्हा पुन्हा तपासावेसे वाटले.

मूळ प्रश्न तसा साधा आहे. आज शंभर रुपये घ्यायचे, की वर्षाने एकशे पाच घ्यायचे, असे कुणी विचारले तर बहुतेक जण आजचे शंभर उचलतील. एकशे दहा म्हटले तर काही जण विचारात पडतील, एकशे वीस म्हटले तर आणखी काही. ज्या आकड्यापाशी आपण थांबायला कबूल होतो, तो आकडा म्हणजे आपल्या अधीरतेचे माप. आमच्या बेळगावच्या बाजारात मराठी आणि कन्नड एकाच दमात बोलल्या जातात. मराठीत साल म्हणजे वर्ष आणि कन्नडात साल म्हणजे कर्ज. लहानपणी आजोबांच्या तोंडी दोन्ही साल ऐकताना माझा गोंधळ उडत असे. आता वाटते, तो गोंधळ अगदीच निरर्थक नव्हता. एक साल घेतले की दुसरे साल मोजावे लागते आणि त्या दोहोंच्या मध्ये जे उभे असते, तेच व्याज.

आयर्व्हिंग फिशर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सॉगर्टीझ या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात शिस्त होती, पैसा नव्हता. १८८४ मध्ये आयर्व्हिंग येल विद्यापीठात प्रवेश घेण्याच्या बेतात असतानाच वडील क्षयाने वारले. सतरा वर्षांच्या मुलावर आई आणि धाकटा भाऊ यांची जबाबदारी येऊन पडली. आपल्याकडे अशा वेळी मोठा मुलगा शिक्षण सोडतो आणि मिळेल त्या नोकरीला चिकटतो. फिशर यांनी शिक्षण सोडले नाही. श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी घरही चालवले आणि फीही भरली. १८८८ मध्ये ते आपल्या वर्गात पहिले येऊन पदवीधर झाले. उद्यासाठी आज कळ सोसण्याचा हा त्यांचा पहिला धडा. मात्र शिकवण्या मिळण्यासारखे गाव आणि त्या घेण्यासारखी बुद्धी अशी दोन्ही त्यांच्यापाशी होती, हेही विसरून चालणार नाही.

त्यांचा खरा ओढा गणिताकडे. विलर्ड गिब्ज या थोर शास्त्रज्ञाचे ते शिष्य. दुसरीकडे विल्यम ग्रॅहम समनर यांची समाजशास्त्र आणि अर्थशास्त्रावरची व्याख्याने त्यांना खेचून घेत होती. एक पाय गणितात आणि एक अर्थशास्त्रात, अशा अवस्थेत समनर यांनीच त्यांना दोन्ही विषय एकत्र आणणारा प्रबंध लिहायला सुचवले. १८९१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. या प्रबंधातले विचार विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसावेत म्हणून त्यांनी पुढे एक यंत्रच बनवले. पाण्याची टाकी, तीत तरंगणारी भांडी आणि त्यांना जोडणाऱ्या तरफा. एका वस्तूचा पुरवठा बदलला की सगळ्या भांड्यांतले पाणी हलून नव्या पातळीला येई आणि बाजारातल्या किमती एकमेकींना कशा धरून असतात ते दिसे. नुसत्या शब्दांवर त्यांचा विश्वास नसे, प्रत्येक गोष्ट मोजता आली पाहिजे हा त्यांचा आग्रह. हा आग्रह पुढे त्यांच्या थोरवीलाही कारण झाला आणि चुकांनाही.

१८९३ मध्ये मार्गारेट हॅझर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हॅझर्ड हे ऱ्होड आयलंडमधले श्रीमंत कारखानदार घराणे. सासऱ्यांनी न्यू हेवन येथे जावयाला प्रशस्त घर बांधून दिले. १८९८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, फिशर येलमध्ये पूर्ण दर्जाचे प्राध्यापक झाले. शिकवण्या करणाऱ्या पोरक्या मुलाला चौदा वर्षांत सर्व काही मिळाले होते.

आणि त्याच वर्षी त्यांना क्षय झाला. वडिलांचा बळी घेणारा तोच रोग. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, आहार आणि वाट पाहणे, एवढाच उपाय. फिशर यांची सुमारे तीन वर्षे आरोग्यधामांत आणि कोरड्या हवेच्या गावी गेली. ज्या माणसाला एक तास वाया गेलेला खपत नसे, त्याला तीन वर्षे पडून राहावे लागले. ते वाचले. त्यानंतर त्यांनी दारू, तंबाखू, चहा, कॉफी यांना स्पर्श केला नाही, मांसाहार जवळजवळ सोडला आणि व्यायाम व झोपेच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळल्या. क्षयरोग्यांसाठी हवेशीर तंबूचा नमुना तयार केला. १९१५ मध्ये एका डॉक्टरांच्या सहकार्याने लिहिलेल्या त्यांच्या आरोग्यविषयक पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आजची जिभेची चव सोडली तर उद्याचे आयुष्य वाढते, हा हिशेब ते लोकांना पटवून देत होते आणि स्वतः तंतोतंत पाळत होते.

मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाने काळ आणि पैसा यांच्या संबंधावर ग्रंथ लिहावा, हे मला योगायोगापेक्षा अधिक वाटते. १९०६ मध्ये भांडवल आणि उत्पन्न यांवरचा त्यांचा ग्रंथ आला, पाठोपाठ १९०७ मध्ये व्याजदरावरचा आला. त्यांच्या आधी या प्रश्नाला दोघांनी हात घातला होता. कॅनडात जाऊन राहिलेले स्कॉटिश विद्वान जॉन रे यांनी १८३४ मध्ये, आणि ऑस्ट्रियाचे बोहम-बावर्क यांनी त्यानंतर पन्नास वर्षांनी. फिशर यांनी दोघांचे ऋण मोकळेपणाने मानले. पण विखुरलेले विचार एका सूत्रात ओवले ते त्यांनी.

ते सूत्र असे. व्याजाचा दर दोन गोष्टी मिळून ठरवतात. एकीकडे माणसाची अधीरता, म्हणजे उत्पन्न आजच खर्च करून टाकण्याची ओढ. दुसरीकडे संधी, म्हणजे आज हात आखडून गुंतवणूक केली तर उद्या अधिक मिळण्याची शक्यता. दोन्ही पारडी जिथे समतोल होतात, तिथे व्याजदर उभा राहतो. व्याज म्हणजे सावकाराची लूट, किंवा व्याज म्हणजे भांडवलाची मजुरी, असल्या जुन्या वादांतून फिशर यांनी हा विषय बाहेर काढला आणि तो थेट माणसाच्या मनाशी नेऊन भिडवला.

पण मनावरच ते थांबले नाहीत, आणि इथेच त्यांची खरी बुद्धिमत्ता दिसते. अधीरता कशाने वाढते, याची त्यांनी यादी केली. काही कारणे स्वभावातली. दूरदृष्टी कमी, मनावर ताबा कमी, खर्चाची सवय लागलेली, आयुष्याची शाश्वती नाही, मुलाबाळांची ओढ नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे दिसण्याची हौस आहे. ज्याला पाऊस नसताना गळके छप्पर शाकारायची आठवण होत नाही, अशा माणसाचे उदाहरण ते देतात. तो आपल्याही गल्लीत राहतो. काही कारणे मात्र स्वभावातली नव्हेत, तर उत्पन्नातली. उत्पन्न लहान असेल तर आजची गरज उद्याला मागे ढकलते. उत्पन्न आज कमी आणि पुढे जास्त येणार असेल तर माणूस कर्ज काढतो, उलट असेल तर साठवतो. म्हणजे एकच माणूस, त्याच स्वभावाचा, जूनमध्ये अधीर आणि जानेवारीत धीराचा असू शकतो. आमच्याकडे ज्याला मराठीत सुगी आणि कन्नडात सुग्गी म्हणतात, तिच्या आधी आणि नंतर एकाच शेतकऱ्याची दोन रूपे दिसतात, ती याचमुळे.

इतके स्वच्छ लिहिणाऱ्या फिशर यांनी त्याच १९०७ च्या ग्रंथात पुढे जे लिहिले, ते वाचून मी चमकलो. जगातल्या कोणत्या समाजांत दूरदृष्टी आहे आणि कोणत्यांत नाही, याची ते वर्गवारी करतात आणि भविष्याची पर्वा न करणाऱ्या समाजांत चीन, जावा, रशियातले शेतकरी, अमेरिकेतले निग्रो व मूळ रहिवासी यांच्याबरोबर हिंदुस्थानचेही नाव घालतात. पुरावा काय, तर तिथे व्याजदर चढे आहेत, लोक कर्जात बुडालेले आहेत आणि घरे कच्ची आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांचे मातीचे घर अशा रीतीने अर्थशास्त्राच्या एका अभिजात ग्रंथात साक्षीला उभे केलेले पाहून वाईट वाटते. सुप्रजननाच्या, म्हणजे माणसांत श्रेष्ठ आणि कनिष्ठ वंश पाहणाऱ्या चळवळीतही फिशर अमेरिकेत पुढारपण करीत होते. ती चळवळ पुढे किती अनर्थाला कारण झाली, हे जगाने पाहिले. त्यांच्या आयुष्यातली ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण रागापेक्षा तपासणी बरी. फिशर यांच्याच कसोटीवर आपला शेतकरी घासून पाहू. आपल्या मुलुखाचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. सुपे गावी सुरुवात झाली. लोकांनी मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. हे कर्ज कशाने झाले होते? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस बंद झाला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या तेजीत सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. भाव कोसळले तरी कर्जाचा आकडा कोसळला नाही. त्यात सरकारने शेतसारा वाढवला, आणि तो रोखीने, ठरल्या मुदतीत भरायचा. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा येते, ज्याचा पाऊस बेभरवशाचा आहे आणि ज्याला सरकारी तारीख चुकवता येत नाही, तो चढ्या व्याजाने कर्ज घेणारच. याला दूरदृष्टीचा अभाव म्हणायचे, की फिशर यांनीच सांगितलेला उत्पन्नाचा आकार? सरकारनेदेखील १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, तो केवळ लोकांचा स्वभाव सुधारण्यासाठी नव्हे.

आणखी एक साधी गोष्ट. घरात धान्य संपत आले असताना पोटाला चिमटा घेऊन बियाण्याची कणगी न उघडणारा माणूस अधीर कसा? चार महिने पुढच्या पिकावर नजर ठेवून मूठमूठ धान्य मातीत टाकणे, यापेक्षा उद्यावरचा मोठा विश्वास कोणता? फिशर यांच्याजवळ सूत्र होते, पण ते त्यांनी दूरच्या माणसाला लावले नाही. दूरच्या माणसाला त्यांनी नुसता स्वभाव चिकटवला.

आता पुन्हा त्यांच्या आयुष्याकडे वळू. १९११ मध्ये पैशाच्या क्रयशक्तीवरचा ग्रंथ आला. आपले फळ्यावरचे समीकरण त्यातलेच. १९१८ मध्ये ते अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर फार मोठा आघात झाला. थोरली मुलगी मार्गारेट हिला मानसिक आजार जडला होता. त्या वेळी न्यू जर्सीच्या एका सरकारी मनोरुग्णालयात नवा सिद्धांत गाजत होता, की वेडाचे मूळ शरीरात लपलेल्या जंतुसंसर्गात असते आणि तो भाग कापून काढला की मन बरे होते. फिशर यांना तो शास्त्रीय वाटला. मुलीवर शस्त्रक्रिया झाली आणि १९१९ मध्ये ती वारली. तो सिद्धांत पुढे साफ खोटा ठरला. नव्या ज्ञानावर माणसाने किती भरवसा टाकावा, याचा हा धडा होता, पण तो त्यांनी घेतला असे दिसत नाही.

धनाच्या बाबतीत त्यांचे नशीब उघडले ते एका छोट्या युक्तीने. टिपणांची कार्डे पेटीत एकामागे एक ठेवली की हवे ते कार्ड शोधताना वेळ जातो. फिशर यांनी कार्डे अशी अडकवली, की प्रत्येकाची वरची ओळ एका नजरेत दिसावी. १९१३ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. कुणी कारखानदार ते बनवायला पुढे येईना, तेव्हा बायकोच्या पैशावर स्वतःच कंपनी काढली. धंदा हळूहळू वाढला. १९२५ मध्ये ती कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि फिशर यांना सुमारे ६ लाख ६० हजार डॉलर मिळाले. बारा वर्षे कळ काढून मिळवलेले हे फळ. इथे थांबले असते तर त्यांच्या सिद्धांताचे ते चालतेबोलते उदाहरण ठरले असते.

ते थांबले नाहीत. ही रक्कम त्यांनी शेअर्समध्ये घातली आणि जोडीला कर्ज काढून आणखी शेअर्स घेतले. १९२० नंतरची ती अमेरिका. भाव रोज वर जात होते. फिशर यांच्या संपत्तीचा आकडा सुमारे एक कोटी डॉलरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. कर्ज काढून शेअर घेणे म्हणजे उद्याचा नफा आजच घरात आणणे. अधीरतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने हे करावे, याचे नवल वाटते. पण मला वाटते, त्यांना ती अधीरता वाटलीच नसणार. त्यांनी नवनवे शोध, कारखान्यांचे वाढते उत्पादन, दारूबंदीने वाढलेली कार्यक्षमता यांचा हिशेब मांडला होता आणि उद्या त्यांना आकड्यांत स्पष्ट दिसत होता. १९२९ च्या ऑक्टोबरच्या मध्याला त्यांनी जाहीरपणे सांगितले, की शेअर्सचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचले आहेत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बाजार कोसळला.

कोसळल्यावरही ते ठाम होते. भाव परत चढतील, म्हणून त्यांनी धीर धरला. धीर हा गुणच, पण हिशेब चुकलेला असताना धीर धरणे म्हणजे बुडत्या होडीत बसून राहणे. १९२९ च्या सप्टेंबरात ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक १९३२ च्या जुलैत ४१ वर आला. फिशर यांचे सर्व गेले आणि वर कर्ज राहिले. पत्नीची बहीण कॅरोलाइन हॅझर्ड यांनी वेळोवेळी मोठ्या रकमा दिल्या, त्या फिटल्या नाहीत. राहते घर देणेकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून येल विद्यापीठाने ते विकत घेतले आणि फिशर आपल्याच घरात भाडेकरू झाले. पुढे ते भाडेही जड झाले. दैव असे, की व्याजाच्या सिद्धांतावरचा त्यांचा परिपक्व ग्रंथ, जॉन रे आणि बोहम-बावर्क यांच्या स्मृतीस अर्पण केलेला, याच पडझडीत, १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या घरावर देणेकऱ्यांची नजर आहे, अशा माणसाच्या हातून अधीरतेचे शास्त्र जगाला मिळाले.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, सर्वस्व गेलेले आणि लोक हसताहेत अशा स्थितीत, फिशर यांनी आपल्या चुकीचेच शास्त्र केले. १९३३ मध्ये त्यांनी कर्ज आणि घसरत्या किमती यांवर एक प्रदीर्घ लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा. लोक तेजीत कर्ज काढतात. मंदी आली की सगळे एकदम फेडायला धावतात आणि मिळेल त्या भावाला माल, जमीन, शेअर विकतात. त्यामुळे किमती आणखी पडतात. किमती पडल्या की पैशाचे मोल वाढते आणि उरलेले कर्ज आधीपेक्षा जड होते. त्यांच्या अंदाजानुसार १९३३ च्या मार्चपर्यंत अमेरिकेत कर्जाची रक्कम सुमारे २० टक्क्यांनी फिटली होती, तरीही उरलेल्या कर्जाचे खरे ओझे सुमारे ४० टक्क्यांनी वाढले होते. जितके फेडावे तितके देणे वाढते. एकट्याची काटकसर इथे कामाची नाही, कारण सगळेच काटकसर करीत असतात.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अमेरिकेचा शेअरबाजार राहिला नाही, सुपे गाव आले. कापसाची तेजी, सैल हाताने दिलेली कर्जे, कोसळलेले भाव आणि तसाच उभा राहिलेला कर्जाचा आकडा. १९०७ च्या फिशर यांना जो शेतकरी अदूरदर्शी वाटला, तो १९३३ च्या फिशर यांच्या लेखात नेमका बसतो. त्यांनी हा सांधा स्वतः जुळवलेला माझ्या वाचनात नाही. तो आपण जुळवायचा. माणूस स्वतः कर्जात बुडाला की कर्जबाजारी माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या परिस्थितीकडे पाहायला शिकतो, एवढे मात्र यातून दिसते.

त्या लेखाकडे तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९३५ मध्ये ते येलमधून निवृत्त झाले. १९३६ मध्ये केन्स यांचा ग्रंथ आला आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. फिशर चलनसुधारणेच्या योजना मांडत, पत्रे लिहीत, व्याख्याने देत राहिले. १९४० मध्ये पत्नी वारली. २९ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्जविषयक लेखाला अर्थशास्त्रात मानाचे पान मिळाले ते त्यानंतर कित्येक वर्षांनी, आणि २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर तर तो पुन्हा हुडकून वाचला गेला. त्यांच्या श्रमाचे फळ इतके उशिरा आले, की घ्यायला ते नव्हते.

आजचे मानसशास्त्र या प्रश्नात पुढे गेले आहे. १९६० नंतर अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मार्शमॅलो नावाची मिठाई ठेवून पाहिले, की एक आत्ता खायची, की थोडे थांबून दोन मिळवायच्या. थांबणारी मुले पुढे आयुष्यात अधिक यशस्वी होतात, असा त्याचा बोलबाला झाला. परंतु २०१८ मध्ये अधिक मुलांच्या माहितीवरून पाहिले, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर येथील प्रयोग तर फारच बोलका आहे. तिथे काही मुलांना आधी मोठ्या माणसांनी कबूल केलेली चित्रकलेची वस्तू आणून दिली नाही, काहींना दिली. मग मिठाई पुढे ठेवली. ज्यांची फसवणूक झाली होती ती सरासरी तीन मिनिटे थांबली, ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती बारा मिनिटे. मुले तशीच, फरक पडला तो उद्याच्या भरवशात.

असो. हे सर्व वाचून झाल्यावर एका शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम त्या मित्राच्या अडत दुकानात गेलो. तो बटाट्याच्या पोत्यांवर बसून वही लिहीत होता. बोलता बोलता कळले, की वडील अंथरुणाला खिळल्यापासून घरात पगार असा त्याचाच येतो आणि धाकट्या बहिणीची फी त्यातूनच भरली जाते. आम्ही कधी विचारलेच नव्हते. निकाल मात्र दिला होता. निघताना त्याने अगदी सहज सांगितले, की तो यंदा बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरणार आहे, रात्री दुकान बंद झाल्यावर वाचतो, पण व्याजाचे प्रकरण त्याला एकट्याला उमगत नाही. दुसऱ्या दिवशी माझी त्या प्रकरणाची टिपणे मी त्याच्या घरी नेऊन दिली.